मासिक उत्पन्न

कर्जाच्या अर्जावर नाव, पत्ता, जन्मतारीख असं सगळं भराभर लिहून झालं आणि ‘मासिक उत्पन्न’ या रकान्याशी त्याचं पेन अडलं. माझा हा मित्र सिनेमे दिग्दर्शित करतो. मी जामीनदार म्हणून सह्या करायला गेले होते, शेजारच्याच खुर्चीत बसले होते. टेबलापलीकडच्या बाईंनी थोडी वाट पाहिली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “सरासरी लिहिलीत तरी चालेल, सर.” त्याने खरोखरच विचार केला. कपाळावर आठ्या, अंगठ्याने बोटांची पेरं मोजणं चाललेलं. मग त्यांनाच विचारलं, “सरासरी कशावर काढू? शूटिंगच्या महिन्यांवर, की सिनेमाला लागलेल्या सगळ्या वर्षांवर?” त्यांना उत्तर सुचेना. मलाही सुचलं नाही. शेवटी त्याने कुठलासा आकडा लिहिला, मी सह्या केल्या, अर्ज पुढे सरकला. तो प्रश्न मात्र माझ्या मागे लागला. कारण त्याची दोन उत्तरं दोन निरनिराळ्या माणसांची वाटतात. मिळालेली रक्कम शूटिंगच्या महिन्यांनी भागली तर हा माणूस चांगला सुखवस्तू आहे, कोणीही त्याला डोळे मिटून कर्ज द्यावं. तीच रक्कम सगळ्या वर्षांनी भागली तर त्याच्या सेटवर कॅमेऱ्याची पेटी उचलणाऱ्या मुलाचं वर्षाचं उत्पन्न बहुधा त्याच्यापेक्षा जास्त भरेल. दोन्ही हिशेब खरे आहेत.

दिग्दर्शकांच्या कमाईबद्दल आपल्या कानावर येतं ते सगळं वरच्या टोकाचं असतं. ‘किंग काँग’साठी, २००५ साली, पीटर जॅक्सन आणि त्याच्या दोन सहलेखिका यांना मिळून २ कोटी डॉलर आणि उत्पन्नात २० टक्के वाटा असा करार झाल्याचं जगभर छापून आलं. ‘डंकर्क’च्या वेळी ख्रिस्तोफर नोलनच्या नावापुढे तसाच आकडा आला. हे आकडे डोक्यात इतके पक्के बसतात की ‘दिग्दर्शक’ म्हटल्यावर आपण मनात तेच धरतो. पण अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी खात्याने मे २०२३ साठी निर्माते आणि दिग्दर्शक यांचं वर्षाचं मध्यम वेतन ८२ हजार डॉलरच्या आसपास दाखवलंय. म्हणजे अर्धी माणसं त्याच्या वर, अर्धी खाली. त्यात टीव्ही आले, नाटक आलं, निर्मातेही आले. शिवाय ही मोजणी पगारावर काम करणाऱ्यांची. स्वतःच्या बळावर, सिनेमा ते सिनेमा जगणारे त्यात धरलेलेच नसतात. माझ्या मित्रासारखी माणसं तर बहुतेक त्याच गटातली. ज्यांच्याबद्दल जाणून घ्यायचं, तेच आकड्याबाहेर.

एक भक्कम आकडा आहे तो संघटनेने भांडून मिळवलेला. अमेरिकेतल्या दिग्दर्शकांची संघटना, डायरेक्टर्स गिल्ड, १९३६ साली उभी राहिली. किंग विडॉर तिचा पहिला अध्यक्ष. आज या संघटनेच्या करारानुसार मोठ्या बजेटच्या चित्रपटाला दिग्दर्शकाला आठवड्याला २० हजार डॉलरहून जास्त किमान वेतन द्यावं लागतं, आणि निदान दहा आठवड्यांच्या कामाची हमी. म्हणजे दोन लाख डॉलरच्या पुढे. ऐकायला ही रक्कम फार मोठी वाटते. त्यातून एजंटचे दहा टक्के जातात, वकिलाचे साधारण पाच, मॅनेजर असला तर त्याचे वेगळे, मग कर. उरतं त्यावर पुढचा सिनेमा मिळेपर्यंत काढायचं असतं, आणि तो कधी मिळेल हे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं. पॅटी जेन्किन्सने २००३ साली ‘मॉन्स्टर’ केला, त्यातल्या भूमिकेसाठी नायिकेला ऑस्कर मिळालं. जेन्किन्सचा दुसरा चित्रपट पडद्यावर आला २०१७ साली. चौदा वर्षं. मधल्या काळात तिने टीव्हीचं काम केलं, म्हणून ती वर्षं निभली.

मित्राच्या शूटिंगला मी एका रात्री गेले होते. पावसाचा प्रसंग होता, टँकरचं पाणी वर चढवून नळांतून पाडत होते. जमिनीवर वायरी प्लास्टिकच्या कागदाखाली झाकलेल्या, जनरेटरची सततची घरघर, ओल्या मातीचा आणि डिझेलचा एकत्र वास. तो मॉनिटरसमोर उभा होता, बसायला खुर्ची असूनही. आणि माणसं त्याच्यापाशी येत होती. नायिकेची साडी पहिल्या शॉटला किती भिजलेली दाखवायची? खिडकीतला दिवा पिवळा ठेवायचा की विझवायचा? लहान मुलाला झोप अनावर झालीय, त्याचा क्लोजअप आधी उरकून घ्यायचा का? पाणी आता दोनच टेकला पुरेल. निर्मितीव्यवस्थापक घड्याळाकडे बघत दर थोड्या वेळाने एकच विचारायचा, “सर, अजून किती शॉट?” या प्रत्येक प्रश्नाला त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागत होतं, आणि प्रत्येक उत्तराची किंमत कुणाच्या तरी वहीत चढत होती. त्याने मुलाचा क्लोजअप आधी घेतला, त्यासाठी उजेड सगळा बदलावा लागला, पाऊण तास गेला. त्या पाऊण तासाचा लाइटवाल्यांना ओव्हरटाइम मिळाला, आणि मिळायलाच हवा होता. दिग्दर्शकाची रक्कम ठरलेली, एकरकमी. शूटिंग चार दिवस लांबलं की बाकी सगळ्यांची कमाई वाढते आणि त्याचा रोजचा दर घसरतो. वर ते का लांबलं याचा जाबही त्यालाच द्यायचा.

ही ठरलेली रक्कमसुद्धा एका हाताने दिली जात नाही. अमेरिकी करारांत एक रुळलेली विभागणी आहे: वीस टक्के शूटिंगच्या तयारीच्या काळात, साठ टक्के शूटिंगच्या आठवड्यांत, दहा टक्के दिग्दर्शकाने आपलं संकलन दाखवल्यावर, आणि शेवटचे दहा पूर्ण झालेला सिनेमा हाती दिल्यावर. कागदावर हे रास्त दिसतं. पण शेवटच्या हप्त्याची अट नीट पाहा. सिनेमा पूर्ण होणं दिग्दर्शकाच्या एकट्याच्या हातात नसतं. निर्मात्याचे पैसे संपले की ध्वनीचं काम थांबतं, रंगांचं काम थांबतं, स्टुडिओ फाइल अडकवून ठेवतो, आणि मग सिनेमाच पूर्ण नाही तर हप्ता कसला? माझ्या मित्राचा शेवटचा हप्ताही अडकलाय. सिनेमा लोकांनी पाहून झालाय तरी अडकलाय. तो मागायला संकोचतो, कारण पुढचा सिनेमा कदाचित त्याच निर्मात्याकडे करायचाय.

हा संकोच मला सगळ्यात जास्त छळतो.

मग दर ठरतो कशावर? मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मागच्या सिनेमावर. आणि त्या सिनेमात काय होतं यावर नाही, त्याने काय केलं यावर.” त्याने म्हणजे तिकीटबारीवर. धंद्यात दिग्दर्शकाचा आधीचा भाव विचारूनच पुढचा भाव ठरवायची रीत. एकदा कमी भावात काम केलं की तो भाव चिकटतो आणि पुढच्या प्रत्येक बोलणीत आधी येऊन बसतो. कॅलिफोर्नियात २०१८ पासून कामावर घेणाऱ्याने उमेदवाराचा आधीचा पगार विचारायला कायद्याने बंदी आली आणि हॉलिवूडच्या वाटाघाटींची ही जुनी सवय अचानक अडचणीत आली. तो कायदा मुख्यतः बायकांना पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलेला कमी पगार पुढे पुढे सरकत राहू नये म्हणून आला होता. जेन्किन्सचंच बघा. चौदा वर्षांनी तिने ‘वंडर वुमन’ केला तो १० लाख डॉलरवर, असं तेव्हाच्या बातम्या सांगतात. सिनेमाने जगभरात ८० कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमवला. दुसऱ्या भागाच्या वेळी तिने रक्कम वाढवून मागितली आणि मिळत नसेल तर सोडून द्यायचीही तयारी ठेवली. हे तिने पुढे उघडपणे सांगितलंय. अखेर तिला मिळालेली रक्कम आधीच्या कितीतरी पट होती. मला या गोष्टीतलं यश आवडतं. पण तेवढा गल्ला हातात नसलेल्या बाईने कशाच्या जोरावर सोडून जायचं, हाही प्रश्न लगेच येतो. सॅन दिएगो स्टेट विद्यापीठातल्या मार्था लाउझन वर्षानुवर्षं मोजणी करतात. २०२४ सालच्या सर्वाधिक कमाईच्या अडीचशे अमेरिकी चित्रपटांच्या दिग्दर्शकांत बायका १६ टक्के होत्या. ज्यांना कामच क्वचित मिळतं त्यांच्या भावाला आधार कशाचा असणार?

बजेट, कथाप्रकार, नायक कोण आहे, निर्मात्याला सिनेमा कुठल्या सणाला लावायचाय, या साऱ्याचा रकमेवर परिणाम होतोच. पण सगळ्यात मोठा परिणाम एका गोष्टीचा होतो आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं: गरज कोणाला जास्त आहे. जेम्स कॅमेरॉनने ‘द टर्मिनेटर’च्या पटकथेचे हक्क निर्मातीला एका डॉलरला विकले. अट एकच, सिनेमा मीच दिग्दर्शित करणार. त्या घडीला गरज त्याची होती. पुढे तो म्हणेल ते स्टुडिओ ऐकू लागले, पण त्या पात्राच्या हक्कांचा तो एक डॉलर तसाच राहिला.

गरज नसलेल्याने वाट पाहायची ठरवली तर काय होतं, याची गोष्ट हिचकॉकची. १९६० साली आलेला ‘सायको’ स्टुडिओला नकोसा होता. हिचकॉकची नेहमीची रक्कम अडीच लाख डॉलर. ती त्याने घेतली नाही. बदल्यात चित्रपटाच्या मालकीतले साठ टक्के मागितले. आपल्या टीव्ही मालिकेच्या तंत्रज्ञांना घेऊन आठ लाख डॉलरच्या आसपास खर्चात सिनेमा उरकला आणि त्या साठ टक्क्यांनी त्याला कुठल्याही मानधनापेक्षा श्रीमंत केलं. जॉर्ज ल्युकसची गोष्ट याच जातीची, पण मला जास्त विलक्षण वाटते. ‘अमेरिकन ग्राफिटी’ धो धो चालला होता, ‘स्टार वॉर्स’चं मानधन तो सहज कितीतरी वाढवून मागू शकला असता. त्याने ते दीड लाखावरच ठेवलं आणि पुढच्या भागांचे आणि खेळणी-वस्तूंचे हक्क मागितले. स्टुडिओला ते हक्क फुकाचे वाटले, देऊन टाकले. २०१२ साली ल्युकसने आपली कंपनी डिस्नेला विकली ती ४०५ कोटी डॉलरला. १९७७ साली तो इतका घाबरलेला होता की मित्र स्पीलबर्गचा त्याच वर्षी येणारा सिनेमा आपल्यापेक्षा मोठा ठरेल या खात्रीने त्याने अडीच टक्क्यांची अदलाबदल केली, तुझ्या सिनेमातले मला, माझ्यातले तुला. स्पीलबर्गला त्या टक्क्यांचे पैसे पुढे कित्येक वर्षं येत राहिले. सिनेमा करणाऱ्याला स्वतःच्या सिनेमाची किंमत कळत नाही, हे इतक्या जवळून क्वचित दिसतं.

पण वाट्याचा करार हाती आला म्हणजे पैसे आले, असंही नाही. वाटा कुठल्या ओळीवर लावलाय हे पाहावं लागतं. येणाऱ्या पैशातला वाटा, की खर्च वजा जाता नफ्यातला? ‘कमिंग टू अमेरिका’ १९८८ साली प्रचंड चालला. ज्याच्या कल्पनेवर तो बेतलाय असं न्यायालयाने पुढे मान्य केलं, त्या आर्ट बुकवाल्डला नफ्यातला वाटा कबूल होता. स्टुडिओने हिशेब दाखवला, नफा झालेलाच नाही. वितरणाचं शुल्क, जाहिरातीचा खर्च, त्यावरचा वरखर्च, त्यावरचं व्याज, सगळं वजा करत गेलं की तळाशी काही उरतच नाही. १९९० साली न्यायाधीशांनी तो हिशेबाचा साचाच अन्याय्य ठरवला. पुढे पीटर जॅक्सनलाही ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागाच्या हिशेबावरून २००५ साली स्टुडिओला कोर्टात खेचावं लागलं आणि २००७ साली तडजोड झाली. जगातला इतका यशस्वी दिग्दर्शक, आणि त्यालाही हिशेबाच्या वह्या बघायला वकील लावावे लागतात. मग पहिला सिनेमा करणाऱ्या मुलामुलींना निर्माता नफ्यातले पाच टक्के देतो म्हणतो, तेव्हा त्यांनी त्या पाच टक्क्यांवर घरभाडं धरू नये असं मला मनापासून वाटतं.

आता जे लिहायचंय ते माझ्याच आवडीच्या विरुद्ध जाणारं आहे. दिग्दर्शकांच्या त्यागाच्या गोष्टी मला लहानपणापासून प्रिय आहेत. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली, सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले, १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. सत्यजित राय जाहिरात कंपनीत नोकरी करत सुट्टीच्या दिवशी ‘पथेर पांचाली’चं शूटिंग करत होते, पुस्तकं, रेकॉर्ड्‌स विकल्या, पत्नीचे दागिने गहाण पडले, आणि अखेर पश्चिम बंगाल सरकारचे पैसे मिळाले ते रस्तेसुधारणेच्या नावाखाली. डेव्हिड लिंच पहिला चित्रपट रखडत रखडत पुरा करत असताना वर्तमानपत्रं टाकायचा. रॉबर्ट रॉड्रिगेझने औषधांच्या चाचण्यांसाठी स्वतःचं शरीर देऊन पैसे उभे केले आणि सात हजार डॉलरमध्ये ‘एल मारिआची’ काढला. या गोष्टी ऐकल्या की अजूनही अंगावर काटा येतो. पण गेली काही वर्षं त्या ऐकताना दुसरंही काहीतरी टोचतं. त्या सांगणारे पुष्कळदा निर्माते असतात. नव्या मुलासमोर बसून, पैशांचा विषय निघाला की, त्या सांगितल्या जातात. रायांनी काय घेतलं होतं? फाळक्यांना कोणी दिलं होतं? ध्यास खरा असेल तर माणूस पैसे मागत नाही, असं न बोलता सांगितलं जातं. रायांच्या ध्यासाने रायांचं काय झालं ते जगाला माहीत आहे. ज्यांचे दागिने सुटले नाहीत आणि सिनेमाही डब्यातच राहिला, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

या गोष्टींत आणखी एक माणूस असतो, नेहमीच. तिकडे बघायला मला फार उशिरा सुचलं. दिग्दर्शक ॲंग ली न्यूयॉर्कमधून शिकून बाहेर पडल्यावर सहा वर्षं घरी होता. पटकथा लिहायचा, स्वयंपाक करायचा, मुलाला सांभाळायचा. घर चालत होतं ते त्याच्या पत्नीच्या पगारावर, त्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. सरस्वतीबाईंनी दागिने तर दिलेच, शिवाय फिल्मच्या पट्टीला भोकं पाडण्यापासून सगळ्या माणसांचं जेवणखाण करण्यापर्यंत कामं केली. सिनेमाच्या हिशेबात ही गुंतवणूक कुठे लिहितात? कुठेच नाही. दिग्दर्शकाचं मानधन कमी पडतं तेव्हा ती तूट कोणीतरी भरतच असतं, आणि ते कोणीतरी बहुतेक घरातलं असतं. निर्मात्याला सिनेमा स्वस्तात पडतो याचा अर्थ त्याचा काही भाग एका नोकरी करणाऱ्या बायकोने, नवऱ्याने किंवा निवृत्त आईवडिलांनी फेडलाय. माझ्या मित्राच्या पहिल्या सिनेमाच्या काळात त्याच्या बायकोने दोन नोकऱ्या केल्या. ती त्या विषयावर बोलत नाही. श्रेयनामावलीत तिचं नाव ‘विशेष आभार’मध्ये आहे, चहा-नाश्ता पुरवणाऱ्यांच्या दोन ओळी वर.

फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने २०२४ साली आलेला ‘मेगॅलोपोलिस’ स्वतःच्या द्राक्षबागांच्या धंद्याचा हिस्सा विकून, १२ कोटी डॉलर स्वतःच घालून केला. त्याआधी १९८२च्या एका चित्रपटाने तो कर्जात इतका बुडाला होता की पुढची कित्येक वर्षं इतरांनी दिलेले सिनेमे करून ते फेडत राहिला. त्याच्याकडे पाहून मला नेमकं काय वाटतं ते ठरवता येत नाही. स्वतःच्या पैशाने स्वतःचं काम विकत घेणाऱ्या माणसाचा हेवा वाटतो आणि धास्तीही वाटते.

कमाईच्या मुळाशी गेलं की शेवटी मालकीपाशी पोचतो. सिनेमा कोणाचा? १९५७ साली दोन देशांनी या प्रश्नाला दोन उलट उत्तरं दिली. फ्रान्सच्या त्या वर्षीच्या कायद्याने दिग्दर्शकाला सिनेमाच्या कर्त्यांत गणलं. भारताच्या त्याच वर्षीच्या कॉपीराइट कायद्याने सिनेमाचा कर्ता म्हणून त्याच्या मालकाला, म्हणजे निर्मात्याला धरलं. फ्रान्समधल्या त्या हक्काला किती धार आहे हे १९९१ साली दिसलं: जॉन ह्यूस्टनच्या कृष्णधवल चित्रपटाला रंग चढवून दाखवायला त्याच्या वारसांनी हरकत घेतली आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ह्यूस्टन मुळात अमेरिकी दिग्दर्शक, आणि तोवर हयातही नव्हता. भारतात २०१०च्या दुरुस्ती विधेयकात मुख्य दिग्दर्शकाला निर्मात्याबरोबर सहकर्ता मानायचा प्रस्ताव होता. २०१२ साली कायदा झाला तेव्हा गीतकार, संगीतकार, लेखक यांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, तो व्हायलाच हवा होता. दिग्दर्शकाचा प्रस्ताव तेवढा गळला. म्हणून तोच सिनेमा टीव्हीवर विसाव्यांदा लागतो तेव्हा गाण्यामागे कोणाला तरी चार पैसे मिळू शकतात, ज्याने तो सगळा सिनेमा जुळवला त्याला मिळतील असं कायदा म्हणत नाही. अमेरिकेतल्या दिग्दर्शकांना पुनर्प्रक्षेपणाचे पैसे मिळतात ते कायद्यामुळे नाही, संघटनेमुळे. त्याच पैशांसाठी १९८७ साली त्यांनी संप केला. त्यांच्या इतिहासातला एकमेव, आणि जेमतेम तीन तास चाललेला. तेवढ्यात निर्मात्यांनी माघार घेतली.

संघटनेचा असा करारही नाही आणि हक्कही नाहीत, तेव्हा काय होतं ते दक्षिण कोरियाच्या ह्वांग दोंग-ह्यॉकने सोसलंय. ‘स्क्विड गेम’ची कथा घेऊन तो दहाएक वर्षं हिंडला, कोणी घेईना. अखेर नेटफ्लिक्सवर २०२१ साली ती मालिका आली. एकट्याने लिहिताना आणि दिग्दर्शन करताना ताणाने त्याचे सहा दात पडले. मालिकेचा खर्च २ कोटी १४ लाख डॉलर होता आणि तिच्यापासून कंपनीला सुमारे ९० कोटी डॉलरचं मोल मिळाल्याचा कंपनीचाच अंदाज बातम्यांत आला. त्याला विचारलं, तुम्ही आता खूप श्रीमंत झाला असाल? त्याने सांगितलं, घर चालण्यापुरतं आहे, मूळ करारात ठरलं तेवढं मिळालं, वर काही नाही. पुढच्या भागाचं बोलणं अर्थात वेगळ्या पातळीवर झालं असणार. पण पहिल्या भागाची ती दहा वर्षं, ज्यात खरं म्हणजे सगळं घडलं, ती पहिल्या कराराच्या भावातच गेली.

आणि इथेच मला मित्राच्या हिशेबाचं मूळ सापडतं. पैसे मोजले जातात ते शूटिंगच्या दिवसांचे, कारण ते दिवस दिसतात. तेव्हा माणसं असतात, गाड्या असतात, जनरेटर चालू असतो. सिनेमा मात्र त्याच्या कितीतरी आधी होत असतो. पटकथेचा सातवा खर्डा लिहिताना, पात्रं शोधत फिरताना, लोकेशन पाहायला स्वतःच्या खर्चाने जाताना, निर्मात्यासमोर मांडायला चित्रांची फाइल आणि दोन मिनिटांची झलक स्वतःच करून नेताना. त्या फायलींपैकी बहुतेकांचं पुढे काहीच होत नाही. हा काळ कामाचा धरलाच जात नाही. तो ‘अजून काही ठरलं नाही’ या सदरात जातो, आणि तो महिन्यांनी, वर्षांनी मोजावा इतका असतो.

म्हणून २०२३ सालचा एक बदल मला फार मोलाचा वाटतो. त्या वर्षी हॉलिवूडमध्ये लेखक आणि नट संपावर गेले, सगळ्या बातम्या त्याच झाल्या. डायरेक्टर्स गिल्डने संप न करता करार केला, त्यावर टीकाही झाली. पण त्या करारात पहिल्यांदाच हे मान्य झालं की अधिकृत तयारी सुरू होण्याआधी चित्रपट दिग्दर्शक जे महिने फुकट काम करत आलेत, त्याचे पैसे द्यायला हवेत. मिळणारी रक्कम मोठी नाही. तरी त्या महिन्यांना काम म्हणून कागदावर जागा मिळाली.

जिथे अशी संघटना नाही तिथल्या पहिला सिनेमा करू पाहणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे, माझा शब्द किती चालतो हे माहीत नसूनही. रक्कम किती यावर घासाघीस करायच्या आधी करारात काम सुरू झाल्याची तारीख कुठली घातलीय ते वाचा. ती शूटिंगच्या आदल्या आठवड्याची असेल तर मागे सरकवून मागा. पटकथेचा खर्डा निर्मात्याने मागितला त्या दिवसापर्यंत मागा. शेवटचा हप्ता ‘सिनेमा पूर्ण झाल्यावर’ असा असेल तर ‘दिग्दर्शकाने आपलं संकलन सोपवल्यावर’ असं करून घ्या, कारण तेवढंच तुमच्या हातात आहे. वाटा देत असतील तर येणाऱ्या पैशातला मागा, अर्धा टक्का का असेना. आणि घरात जे कोणी तुमची तूट भरून काढतंय त्याच्यासमोर बसून हा कागद वाचा, सही करायच्या आधी.